रात्रीची साक्ष कुणी काढायची?

घोरणारा माणूस आपल्याकडे सुखी समजला जातो. "काय निवांत झोपलाय बघा," असं म्हणत आपण त्याच्या घोरण्याची नक्कल करतो आणि हसतो. लग्नघरात रात्री गाद्या पडल्या की कुणाच्या शेजारी कोण झोपणार यावर जो वाद होतो तोही याच कारणाने. कुंभकर्णाची उपमा तर ठरलेली. सिनेमात घोरणारा माणूस आला की तो विनोदी पात्रच असणार, हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक असतं.

या हसण्याआड एक आजार लपून राहतो. त्याला स्लीप ॲप्निया म्हणतात, म्हणजे झोपेत श्वास वारंवार अडणं. नावात झोप आहे म्हणून तो झोपेच्या तक्रारींच्या खात्यात जमा होतो, आणि झोपेची तक्रार ही आपल्याकडे तक्रार धरलीच जात नाही. माझं म्हणणं असं, की त्याची खरी जागा बीपी आणि शुगरच्या शेजारी आहे, कारण त्याचा मार शेवटी रक्तवाहिन्यांवर बसतो. आणि तो सापडत नाही याचं मोठं कारण वैद्यकीय नाही, सामाजिक आहे.

१५ फेब्रुवारी २०२२ रोजी संगीतकार बप्पी लाहिरी मुंबईत वारले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी मृत्यूचं कारण म्हणून ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्नियाचं नाव घेतलं. अनेकांनी हे नाव तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. वर्तमानपत्रांत दोन-तीन दिवस चौकटी आल्या, व्हॉट्सॲपवर थोडी भीती फिरली आणि विषय मागे पडला.

श्वास अडतो म्हणजे नेमकं काय होतं? झोपेत सगळे स्नायू सैल पडतात, तसे घशाचेही पडतात. जीभ मागे सरकते, टाळूचा मऊ भाग खाली येतो. ज्यांची श्वासाची वाट मुळात अरुंद आहे, किंवा गळ्याभोवती चरबी साचली आहे, त्यांची वाट बंद होते. छाती वर-खाली होत राहते, पण हवा आत जात नाही. दहा सेकंद, वीस सेकंद, कधी मिनिटभरसुद्धा. रक्तातला ऑक्सिजन उतरतो. मेंदूला धोका कळतो, तो माणसाला अर्धवट जागं करतो, एक मोठा हुंकार देऊन श्वास सुरू होतो आणि माणूस पुन्हा झोपी जातो. सकाळी यातलं काहीही आठवत नाही. असे अडथळे तासाला पाचपेक्षा कमी असतील तर डॉक्टर त्याला आजार मानत नाहीत. पाच ते पंधरा सौम्य, पंधरा ते तीस मध्यम, तिसाच्या वर तीव्र. तीव्र म्हणजे सात तासांच्या झोपेत दोनशेहून जास्त वेळा कुणीतरी गळा दाबून सोडल्यासारखं.

आता रक्तवाहिन्यांचं काय होतं ते पाहा. निरोगी माणसाचं बीपी रात्री दहा ते वीस टक्क्यांनी उतरतं. हृदयाला आणि धमन्यांना चोवीस तासांत मिळणारी हीच काय ती सुट्टी. स्लीप ॲप्नियात ही सुट्टी रद्द होते. दर अडथळ्याला शरीर संकट आल्यासारखं वागतं, ॲड्रेनलिनसारखी रसायनं रक्तात सोडतं, धमन्या आवळतात आणि बीपी उसळतं. हे रात्रभर चालतं, आणि वर्षानुवर्षं चाललं की दिवसाचं बीपीही चढंच राहू लागतं. दुसरा मार ऑक्सिजनच्या चढ-उताराचा. ऑक्सिजन एकदम कमी होणं आणि एकदम परत येणं यामुळे रक्तवाहिनीच्या आतल्या नाजूक अस्तराला इजा होते. हे अस्तर नायट्रिक ऑक्साइड तयार करतं, त्याच्यामुळे धमनी सैल होते. ते कमी पडलं की धमनी ताठर होते, तिच्यात सूज राहते, चरबीचा थर जमायला सोपं जातं आणि रक्तही गुठळी धरायला तयार असतं. तिसरा मार सरळ यांत्रिक आहे. बंद घशाविरुद्ध छाती जोर लावते तेव्हा छातीच्या आत खेच निर्माण होते, आणि ती हृदयाच्या भिंतींवर व महाधमनीवर पडते.

यामागे भक्कम अभ्यास आहेत. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात सरकारी कर्मचाऱ्यांच्या झोपेचा अभ्यास कित्येक वर्षं चालला. त्याचा २००० साली आलेला निष्कर्ष असा, की तासाला पंधरा किंवा जास्त अडथळे असणाऱ्यांना चार वर्षांनी उच्च रक्तदाब असण्याची शक्यता अडथळे नसणाऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट होती. वय, वजन, तंबाखू हे सगळं हिशेबात धरूनही. स्पेनमध्ये पुरुषांवर दहा वर्षं नजर ठेवून झालेला अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. उपचार न घेतलेल्या तीव्र रुग्णांमध्ये हृदयविकार आणि पक्षाघाताने होणारे मृत्यू निरोगी पुरुषांच्या सुमारे तिप्पट दिसले. त्याच वर्षी मिनेसोटातून आलेली एक माहिती मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करते. हृदय अचानक बंद पडून होणारे मृत्यू एरवी सकाळी सहा ते दुपारी बारा या वेळात जास्त असतात. स्लीप ॲप्निया असलेल्यांमध्ये ते मध्यरात्र ते सकाळी सहा या वेळात जास्त होते. "झोपेतच गेले, पुण्यवान माणूस," असं आपण ज्यांच्याबद्दल म्हणतो त्यांतल्या काहींची गोष्ट वेगळी असावी, असं ते वाचल्यापासून वाटत राहतं.

हे परदेशाचं झालं. मुंबईत डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिंदुजा रुग्णालयात नेहमीच्या तपासणीसाठी आलेल्या ३५ ते ६५ वयाच्या धडधाकट पुरुषांचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध केला. त्यांत सुमारे साडेसात टक्के पुरुषांना हा आजार लक्षणांसह होता. दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी देशभरातले अभ्यास एकत्र करून २०२३ साली अंदाज मांडला, की भारतात दर शंभर प्रौढांत अकरा जणांना तो आहे. म्हणजे दहा कोटींहून जास्त माणसं, आणि त्यांतल्या जवळपास निम्म्यांचा आजार मध्यम किंवा तीव्र. यात फक्त लठ्ठ माणसंच असतात असंही नाही. जबड्याची ठेवण लहान असेल तर सडपातळ माणसाचाही घसा बंद होतो.

इतका पसरलेला आजार सापडत का नाही? बीपीचा रुग्ण मशिनवरचा आकडा दाखवतो, शुगरचा रुग्ण रिपोर्ट दाखवतो. स्लीप ॲप्नियाचा रुग्ण स्वतःच्या आजाराचा साक्षीदारच नसतो. तो झोपलेला असतो. साक्षीदार शेजारी असतो, आणि शेजारच्याला कुणी विचारत नाही.

आम्ही काही जणी महिन्यातून एका रविवारी मोहल्ल्यात बीपी तपासायला बसतो. आमच्यातली एक निवृत्त नर्स आहे, बाकीच्या वह्या भरतात. एकदा पन्नाशीतले एक गृहस्थ आले. रिक्षा चालवतात. तीन गोळ्या नियमित घेत होते, चिठ्ठी सोबत होती, तरी बीपी १६०/१०० च्या खाली येत नव्हतं. नर्सबाईंनी विचारलं, "रात्री घोरता का? श्वास थांबतो का?" ते म्हणाले, "नाही हो, मला तर अंग टाकल्याबरोबर झोप लागते." मागे त्यांच्या पत्नी उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "थांबतो ना. मी मोजते. वीसपर्यंत मोजून झाले आणि श्वास आला नाही, तर कोपराने ढोसते." ते वळून बघतच राहिले. "कधी बोलली नाहीस?" त्या म्हणाल्या, "बोलले असते तर म्हणाला असता, माझी झोप तुझ्या डोळ्यांत खुपते."

किती वर्षं मोजताय, असं मी नंतर त्यांना विचारलं. "धाकटीच्या वेळी बाळंतपणाला गेले होते, त्याच्या आधीपासून." धाकटी आता कॉलेजात आहे. एवढ्या वर्षांत त्या गृहस्थांनी तीन डॉक्टर बदलले होते. एकानेही पत्नीला आत बोलावून काही विचारलं नव्हतं. पत्नी केबिनबाहेरच्या बाकावर पिशवी सांभाळत बसलेली असे.

तीन गोळ्या पूर्ण मात्रेत घेऊनही बीपी आटोक्यात येत नसेल तर स्लीप ॲप्निया शोधावा, हे आता कुणाचं खास मत राहिलेलं नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय समितीने २००३ सालीच उच्च रक्तदाबाच्या ओळखता येणाऱ्या कारणांच्या यादीत त्याचं नाव घातलं होतं. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२१ साली सांगितलं, की उच्च रक्तदाब, हृदयविकार, हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता आणि पक्षाघात यांच्या रुग्णांत ४० ते ८० टक्क्यांना तो असतो, आणि तरी ओळखला जात नाही. आपल्या दवाखान्यांत मात्र बीपी उतरत नाही म्हटलं की चौथी गोळी लिहिली जाते आणि "मीठ कमी करा, टेन्शन घेऊ नका" हे ऐकवलं जातं.

ही पुरुषांची गत झाली. बायकांची याहून बिकट आहे. पुरुषाला निदान मोजणारी तरी कुणी असते. बाई घोरते हे घरात सांगायचीच चोरी. मुलगी घोरते म्हटलं तर लग्नाआधीच नाव ठेवलं जाईल, सून घोरते म्हटलं तर चेष्टा. विधवा एकटी झोपते, किंवा नातवंडांसोबत. तिची साक्ष कोण देणार? आणि बाईच्या आधी घरातलं सगळं जग झोपतं, तिच्या आधी कुणी उठत नाही, मग तिचं घोरणं ऐकायला जागं असतं कोण? शिवाय बायकांत हा आजार बऱ्याचदा घोरण्याच्या रूपात येतच नाही. रात्री वारंवार जाग येणं, सकाळी डोकं धरणं, दिवसभर अंगात कणकण, कशात मन न लागणं, अशा तक्रारी असतात. या तक्रारी घेऊन आलेल्या बाईला रक्तवाढीच्या गोळ्या मिळतात, झोपेच्या गोळ्या मिळतात, "वयाचं आहे" असं ऐकायला मिळतं. काही झोपेच्या गोळ्यांनी घसा आणखी सैल पडतो, हा त्यातला वेगळाच धोका. पाळी थांबल्यानंतर बायकांचा धोका झपाट्याने वाढतो. एम्सच्या त्या अंदाजात पुरुष १३ टक्के आणि बायका ५ टक्के आहेत. हा फरक काही अंशी शरीराचा आहे हे खरं, पण काही अंशी तो बायका तपासणीपर्यंत पोचतच नाहीत याचाही असणार, असं माझं मत आहे. मुंबईचा तो महत्त्वाचा अभ्यासही पुरुषांपुरताच होता.

म्हणून पहिली मागणी अगदी साधी आहे. राष्ट्रीय कार्यक्रमात आशाताई तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा सी-बॅक नावाचा फॉर्म भरतात. त्यात वय, तंबाखू, दारू, व्यायाम, आई-वडिलांचा आजार हे विचारलं जातं आणि टेपने कंबर मोजली जाते. घोरण्याचा, झोपेत श्वास थांबण्याचा, दिवसा पेंग येण्याचा प्रश्न त्यात नाही. तो घालायला नवीन यंत्र लागत नाही. टेप आशाताईंच्या हातात आहेच, त्याच टेपने गळ्याचा घेर मोजता येतो. जगभर वापरल्या जाणाऱ्या स्टॉप-बँग नावाच्या आठ प्रश्नांच्या यादीत हाच घेर आहे. मूळ यादीत तो चाळीस सेंटीमीटरच्या वर असेल तर एक गुण. ही यादी टोरंटोच्या भूलतज्ज्ञांनी ऑपरेशनपूर्वी धोका ओळखण्यासाठी केली आणि ती मिनिटा-दोन मिनिटांत भरून होते. फक्त एक भर आपण घालावी, ती म्हणजे उत्तर रुग्णाच्या घरातल्या माणसाकडून घ्यावं. आशाताई घरात जाऊन बसतात, त्या बाईशी बोलतात. शहरातल्या महागड्या डॉक्टरला जी साक्ष मिळत नाही ती त्यांना चहाच्या कपावर मिळेल.

दुसरी गोष्ट पैशाची. झोपेची तपासणी खासगीत काही हजारांत जाते. उपचार म्हणजे सीपॅप नावाचं मशिन. ते नळीतून आणि मुखवट्यातून दाबाने हवा सोडून घसा उघडा ठेवतं. ऑस्ट्रेलियातल्या सिडनीचे डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ साली व्हॅक्यूम क्लीनरच्या जातीची मोटर वापरून ते पहिल्यांदा जमवलं. आज चांगलं मशिन घ्यायचं तर तीस-चाळीस हजारांपासून पुढे मोजावे लागतात. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना सीजीएचएसमधून त्याचे पैसे मिळण्याची सोय आहे. रिक्षावाल्याला, मागावरच्या कामगाराला, धुणंभांडी करणाऱ्या बाईला ती नाही. महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना अँजिओप्लास्टीचा आणि बायपासचा खर्च उचलते, आणि ते चांगलंच आहे. पण तिचा आराखडा रुग्णालयातल्या उपचारांभोवती उभा आहे. घरी वापरायच्या मशिनला त्यात जागा नाही. धमनी तुंबली की सरकार लाख-दीड लाख देणार, तुंबू नये म्हणून तीस हजार देणार नाही, हा हिशेब मला कळत नाही.

यावर एक आक्षेप येईल आणि तो योग्य आहे. सीपॅप लावल्याने हृदयविकाराचे झटके खरंच टळतात का? २०१६ साली सेव्ह नावाची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. सात देशांतले २७१७ रुग्ण, त्यांत भारतातलेही. सगळे आधीच हृदयाचे किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे रुग्ण होते. सीपॅप घेणाऱ्यांत आणि न घेणाऱ्यांत पुढच्या झटक्यांचा फरक दिसला नाही. हे लपवून मशिनची तरफदारी करणं मला मान्य नाही. पण त्याच चाचणीतला दुसरा आकडाही पाहायला हवा. रुग्णांनी मशिन रात्री सरासरी ३.३ तासच लावलं. अर्धी रात्र छत्री मिटून ठेवली तर भिजणारच. तीन चाचण्यांचे आकडे एकत्र करून २०२३ साली जे विश्लेषण झालं, त्यात चार तास किंवा जास्त वापरणाऱ्यांमध्ये पुन्हा झटका येण्याचं प्रमाण कमी दिसलं. जे नेमाने मशिन लावतात ते गोळ्याही नेमाने घेत असतील, असं कुणी म्हणेल, आणि ते खोटं नाही. वाद संपलेला नाही. बीपीच्या बाबतीत तो बराचसा संपला आहे: सीपॅपने ते उतरतं, सरासरीने दोन-तीन अंकांनीच, पण ज्यांचं गोळ्यांना दाद देत नाही त्यांचं थोडं जास्त. दिवसाची पेंग तर बहुतेकांची जाते, आणि रिक्षाचं हँडल ज्याच्या हातात आहे त्याच्यासाठी एवढं कारणही पुरे आहे.

उलट बाजूचा धोकाही आहे. मोठ्या शहरांतल्या काही खासगी रुग्णालयांनी "स्लीप पॅकेज" काढली आहेत. प्रत्येक घोरणाऱ्याला भिववून आत ओढण्याची ती सुरुवात होऊ शकते. घोरणाऱ्यांपैकी बरेच जण निव्वळ घोरतात. श्वास थांबत नसेल, दिवसा पेंग येत नसेल, बीपी ठीक असेल, तर खिशाला चाट लावायची घाई नको. सौम्य आजारात वजन उतरवणं, कुशीवर झोपणं आणि नाक मोकळं ठेवणं यांनीच पुष्कळ फरक पडतो. दारूने घसा सैल पडतो, तंबाखूच्या धुराने सुजतो.

आणि मशिन मिळालं म्हणून काम संपत नाही. दहा बाय बाराच्या खोलीत सहा जण झोपतात, प्लग एकच आहे आणि त्यावर मोबाइल, डासांचं मशिन आणि पंखा आहे. तोंडावर मुखवटा लावून झोपायची लाज वाटते. लहान मुलं घाबरतात. त्या रिक्षावाल्या गृहस्थांना एका ओळखीच्या डॉक्टरांनी तपासणी करून मशिन लिहून दिलं, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, "रमझानमध्ये सहरीला उठल्यावर परत लावायचं का?" लावायचंच. फजरनंतरची दोन तासांची झोपही झोपच आहे, आणि पहाटेच्या झोपेत श्वास अडण्याचं प्रमाण बऱ्याच जणांत वाढतं. असे प्रश्न रुग्णालयात कुणी काढत नाही. ते आपल्यालाच बोलून सोडवावे लागतील.

मशिनच्या पैशाची वाट योजनेकडून निघेपर्यंत एक काम आपल्या हातातलं आहे. कोरोनात गावोगावच्या संस्थांनी आणि मशिदींनी ऑक्सिजन काँसन्ट्रेटर घेतले, धर्म-जात न विचारता घरोघर पोचवले. त्यांतले कित्येक आज कपाटांत पडून आहेत. ते या आजाराला उपयोगाचे नाहीत, कारण नुसत्या ऑक्सिजनने बंद घसा उघडत नाही. पण ती देण्या-घेण्याची वही, ती अनामत रकमेची पद्धत, मशिन तपासून देणारा तो मुलगा, हे सगळं अजून आहे. आम्ही दोन सीपॅपपासून सुरुवात करतो आहोत. महिनाभर वापरून बघायला द्यायचं, सोसलं आणि फरक दिसला तर मगच त्या कुटुंबाने स्वतःचं घ्यायचं, नाहीतर परत करायचं. दाब किती ठेवायचा हे डॉक्टरच ठरवतील, आपण त्या बटणाला हात लावायचा नाही. मुखवटा आणि नळी मात्र ज्याची त्याची वेगळी, त्याचे दोन-चार हजार प्रत्येकाने आपले घालायचे.